मदत हवी आहे: अल्झायमरमध्ये प्रोबायोटिक द्यावं का? (बेळगाव)

मारुतीगल्ली: सासूबाई, वय ७४, अल्झायमर, एमएमएसई (स्मृती-आकलनाची ३० गुणांची चाचणी) १९. गोळ्या: स्मृतीसाठी डोनेपेझिल ५ मिग्रॅ रात्री, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० दोनदा (९ वर्षं), दोन महिन्यांपासून लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन ५ मिग्रॅ दोनदा. चार-चार दिवस शौचाला होत नाही, संध्याकाळी घोळ वाढतो. जेवण जोंधळ्याची भाकरी, आमटी, रात्री दहीभात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) २.८, जीवनसत्त्व बी१२ तपासलेलं नाही. आतड्यातले जंतू सुधारले की स्मृती सुधारते म्हणून प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जंतूंची) कॅप्सूल सुचवलीय. कुठली, किती दिवस? की घरचं ताक पुरे?

मलप्रभाकाठ: ताई, कॅप्सूलवर स्मृतीसाठी पैसे घालू नका. २०१६ साली इराणमध्ये ६० अल्झायमर रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना १२ आठवडे रोज २०० मिली प्रोबायोटिक दूध दिलं, त्यांचे एमएमएसई सुमारे २ गुण वाढले. सगळीकडे फिरते ती हीच बातमी. पण गट लहान, आणि २०१८ मध्ये तिथेच कॅप्सूल देऊन केलेल्या चाचणीत फरक दिसला नाही. चीनने २०१९ मध्ये समुद्री शेवाळापासून केलेल्या, आतड्यातल्या जंतूंवर काम करतं म्हणणाऱ्या औषधाला सशर्त मंजुरी दिली होती. त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये बंद पडली. आतडं आणि स्मृतीचा संबंध खोटा नाही. २०२३ मध्ये अल्झायमर रुग्णांची विष्ठा उंदरांच्या आतड्यात सोडल्यावर उंदरांची स्मृती घसरली. पण बिघाड पोचतो म्हणजे दुरुस्तीही पोचते, असं होत नाही.

घटप्रभा: जंतू राहू देत, आधी गोळ्यांची चिठ्ठी बघा. डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन (मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं रसायन) वाढवतं, ऑक्सिब्युटिनिन त्याचंच काम अडवतं. एकाच गाडीला ॲक्सिलेटर आणि ब्रेक! बद्धकोष्ठ आणि वाढलेला गोंधळ दोन्ही त्यातूनच येऊ शकतात. शिवाय डोनेपेझिलनं काहींना लघवीची घाई होते, मग त्यावर ही दुसरी गोळी सुरू होते. स्वतः बंद करू नका, ज्यांनी लिहिलीय त्यांना ही दोन्ही नावं एकत्र सांगून विचारा. लघवीच्या घाईवर मिराबेग्रॉन हा पर्याय असतो, पण आधी बीपी बघून. लघवीची तपासणीही करून घ्या, जंतुसंसर्ग असला तर गोंधळ अचानक वाढतो.

मेटफॉर्मिननं बी१२ कमी होऊ शकतं, त्यामुळे ९ वर्षं घेतल्यावर ते तपासायलाच हवं. २०० पिकोग्रॅम/मिलीखाली कमतरता धरतात, आणि ती स्मृतीला सरळ नडते. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आणखीच.

शौचासाठी डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोज १५ मिली रात्री. मजा म्हणजे हे औषध आतड्यातले जंतूच आंबवतात, म्हणून काम करतं. सुरुवातीला पोट फुगतं. पोट दुखून उलटी, वारा न सरणं, रक्त दिसणं यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना.

निपाणकर: खाण्याचं सांगतो. दह्यातले जंतू उकळीत मरतात, त्यामुळे कढीला ते श्रेय नको. नाचणीची अंबील शिजवताना ताक घातलं तरी तेच. शिजवून कोमट झाल्यावर ताक ढवळा. ताजं, कमी आंबट ताक दुपारी एक वाटी बस, मीठ बेताचं. जंतूंना खाद्य मात्र तंतूंचं लागतं: मटकीची उसळ, हुलग्याची आमटी, भाजी. भाकरी गार झाली की तिच्यातलं थोडं पिष्ट पचायला जड होतं आणि मोठ्या आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोचतं. पण सगळं एकदम वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी थोडं. पाणी कमी पडलं तर तंतूंनीच बद्धकोष्ठ वाढतं.

मारुतीगल्ली: ताक पिताना त्यांना ठसका लागतो कधीकधी.

घटप्रभा: हे महत्त्वाचं. मग पातळ ताक नको, आणि इसबगोल तर बिलकुल नको, घशात फुगून अडकतं. घट्ट दही चमच्यानं, सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, घोट गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. ठसका वारंवार असेल तर स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्या-गिळण्याचे तज्ज्ञ) गिळण्याची तपासणी मागा. पातळ पदार्थ फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

मारुतीगल्ली: बी१२ आणि लघवीची तपासणी उद्या. गोळ्यांचं सोमवारी विचारून इथेच लिहिते.