मदत हवी आहे: नळ आणि टाकीचं गणित आठवीतल्या मुलीला कसं समजावू?

लेक आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. कालपासून आम्ही दोघी एकाच गणितावर अडलोय. उत्तर येतंय, पण ते तसं का येतं हे मला सांगता येत नाहीये.

गणित असं: पहिल्या नळाने टाकी ६ तासांत भरते, दुसऱ्याने ८ तासांत. तळाची तोटी उघडली तर भरलेली टाकी १२ तासांत रिकामी होते. दोन्ही नळ आणि तोटी एकदम सोडली तर रिकामी टाकी किती वेळात भरेल?

क्लासमध्ये 'गुणाकार भागिले बेरीज' असं सूत्र पाठ करून घेतलंय. तिने त्यात तिन्ही आकडे घातले. ६ × ८ × १२ = ५७६, बेरीज २६, भागाकार २२ च्या वर. मी म्हटलं, अगं, पहिला नळ एकटा सहा तासांत भरतो, मग मदतीला दुसरा आल्यावर बावीस तास? तर म्हणे, "तोटी उघडी आहे ना!" यावर मला पटकन काही सुचलं नाही.

मग मी माझ्या पद्धतीने केलं. १/६ + १/८ − १/१२. लसावि २४. (लसावि म्हटल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या वहीत एलसीएम असतो.) ४/२४ + ३/२४ − २/२४ = ५/२४. उलटं करून २४/५, म्हणजे ४.८ तास. तिने लगेच उत्तर लिहिलं: ४ तास ८० मिनिटं.

ते ८० मिनिटांचं मी निस्तरलं. पण "६ चं १/६ कशाला केलं? आणि शेवटी परत उलटं का केलं?" यावर मी गप्प. आम्हाला शाळेत 'असंच करायचं' म्हणून सांगितलं होतं, आम्ही केलं. कुणी सोपं करून सांगेल का? शॉर्टकट नकोत, ते क्लासने भरपूर दिलेत.

खडू_फळा:
ताई, अपूर्णांक तूर्त बाजूला ठेवा. टाकी केवढी ते गणितात दिलेलं नाही, तेव्हा ते आपण ठरवू. ६, ८ आणि १२ या तिघांनीही भाग जाईल अशी संख्या घ्या: २४. टाकी २४ बादल्यांची.

आता तिला विचारा, पहिला नळ ६ तासांत २४ बादल्या सोडतो, तर एका तासात किती? ४. दुसरा? ३. तोटीतून तासाला २ बादल्या जातात. म्हणजे टाकीत तासाला ४ + ३ − २ = ५ बादल्या साठतात. ४ तासांत २० झाल्या, उरल्या ४. तासाला ५ म्हणजे एका बादलीला १२ मिनिटं, चारला ४८. उत्तर ४ तास ४८ मिनिटं. दशांश चिन्ह मध्ये आलंच नाही, त्यामुळे ८० मिनिटांचा घोळही नाही.

तिचे प्रश्न चांगले आहेत. ६ आणि ८ हे तास आहेत. नळ एकत्र सोडले की तासांची बेरीज होत नाही, पाण्याची होते. म्हणून आधी एका तासाचं पाणी काढायचं. तुमचं १/६ म्हणजे २४ पैकी त्या ४ बादल्याच. पाण्याचा हिशेब झाला की पुन्हा तासांकडे यायचं, म्हणून उलटं करायचं.

आणि बावीस तासांचं म्हणाल, तर दुसरा नळ ३ आणतो, तोटी २ नेते. दोन्ही मिळून पहिल्याला एका बादलीची मदतच होते. तेव्हा उत्तर ६ तासांच्या आतच हवं. हे सोडवायच्या आधी बघायला लावा, एखाद-दुसरा पर्याय तिथेच गळतो.

घाईत_असतो:
सर, हे सगळं ठीक, पण ७५ प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात. प्रश्नाला ७२ सेकंद. बादल्या मोजत बसली तर पेपर पुरा होणार का?

खडू_फळा:
४, ३, उणे २, पाच. दोनदा सराव झाला की तोंडी होतं. सूत्रही चुकीचं नाही बरं का, पण ते दोनच नळ आणि दोन्ही भरणारे, एवढ्यापुरतं आहे. ६ आणि ८ ला ४८/१४ येईल, बादल्यांनी २४/७. एकच. तिसरा आला की त्याचं काम संपलं.

जुनी_पाटी:
भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, हेच गणित आहे. चार झरे; पहिला एकटा बारव एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर? दिवसाला पहिला १ बारव भरेल, दुसरा २, तिसरा ३, चौथा ६. एकूण १२. म्हणजे एक बारव दिवसाच्या बाराव्या हिश्शात, दोन तासांत. लेकीला आधी हे द्या. यात लसावि नाही आणि एलसीएमही नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. झऱ्यांचं गणित तिने तोंडी केलं. मग "तोटी उघडी ठेवून टाकी कोण भरतं?" हे आलंच. म्हटलं, आपल्या सोसायटीत रोज सकाळी काय चालतं? पाणी गच्चीवर चढत असतानाच खालचे नळ धो धो सुरू असतात.

पुढचं गणित होतं, पहिला नळ १ तास आधी सोडला तर. तिने स्वतःच लिहिलं: ४ बादल्या आधीच आल्या, उरल्या २०, तासाला ५, अजून ४ तास. एकूण ५.

आता म्हणते २४ च का? ४८ घेऊन बघितलं, ८ + ६ − ४ = १०, तेवढाच वेळ आला. मग हट्टाने १०० बादल्या घेतल्या. ६ ने भागताना १६.६६ च्या पुढे सहाच येत राहिले, तेव्हा आपणहून खोडलं आणि वहीच्या कडेला लिहिलं, "एलसीएम घे."