ग्रहणाचा चष्मा नागपुरात कुठे मिळेल? आणि आजीचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. २ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास आहे, सहा मिनिटांहून जास्त. आपल्याकडे दुपारनंतर, सूर्य पश्चिमेला कलल्यावर, खंडग्रास. गल्लीतल्या पोरांना ते दाखवायचंच, असं मी आतापासून ठरवलंय. आयएसओ १२३१२-२ (सूर्याकडे थेट पाहण्याच्या चष्म्यांचं सुरक्षा मानक) लिहिलेले खरे चष्मे नागपुरात कोणी घेतलेत का? रमण विज्ञान केंद्रात मिळतात का? एक्स-रेची फिल्म मी मुलांच्या हाती देणार नाही, डोळे परत मिळत नाहीत. ढग असतीलच, पण ऊन पडलं तर चाळणीची सावलीही दाखवीन, प्रत्येक भोकातून ग्रासलेल्या सूर्याची छोटी प्रतिमा. पश्चिम मोकळी म्हणून फुटाळा तलावाचा काठ बरा, की एखादी उंच गच्ची?

खरी काळजी आजीची. त्याच दिवशी दिव्यांची अवस. ती वेध कडक पाळते, पाण्याचा घोटही घेत नाही, आणि तिला शुगरची गोळी आहे. मागच्या ग्रहणात संध्याकाळी चक्कर येऊन पडली. तिची श्रद्धा मला मोडायची नाही. आजारी माणसाला वेधात सूट असते, हे तिला पटेल असं कोण सांगेल? तुमच्या घरी कसं जमवलंत, ताई-दादा?