बाल संरक्षण कक्षात नवे सामाजिक कार्यकर्ते: पहिले तीन महिने काय शिकवावं, म्हणजे माणूस टिकेल? (नागपूर)

कक्षसमन्वय

नमस्कार मंडळी. नागपूर विभागातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षांमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांसाठी तीन महिन्यांचा कार्यक्रम आखतोय. बहुतेक जण नुकतेच एमएसडब्ल्यू झालेले आहेत आणि पदं मिशन वात्सल्यमधली (केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतली), कंत्राटी. नेहमीचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे: दोन दिवस सभागृहात बाल न्याय अधिनियम २०१५ ची कलमं पडद्यावर वाचून दाखवायची, जेवण, प्रमाणपत्र, आणि तिसऱ्या दिवशी हातात फाईल. वर्ष भरायच्या आत राजीनामा येतो आणि ती फाईल पुन्हा कोऱ्या माणसाकडे जाते.

सुरुवात कशापासून करावी? आणि टिकण्याचा प्रश्न प्रशिक्षणाने खरंच सुटतो, की आपण उगाच भलत्या जागी मलम लावतोय?

गृहचौकशी

कलमं नंतर. आधी अहवाल.

सामाजिक तपासणी अहवाल (आपण सगळे त्याला गृहचौकशी म्हणतो) हेच या नोकरीचं मुख्य काम आहे. चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवी, म्हणजे बालकल्याण समितीला (मुलाचं पुढे काय ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येतो. बाल न्यायाच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला या अहवालाचा नमुना २२ नव्या माणसाला द्या आणि पंधरा दिवसांची वाटणी कागदावर करून द्या. पहिले दोन दिवस मुलाशी बोलणं आणि पत्ता पक्का करणं. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शाळेचे मुख्याध्यापक यांना फोन. आठव्या दिवसापर्यंत घरभेट. अकराव्या दिवशी कच्चा अहवाल संरक्षण अधिकाऱ्यांच्या टेबलावर, तेराव्याला समितीकडे. उरलेले दोन दिवस राखीव ठेवा, कारण पहिली घरभेट हमखास फुकट जाते.

फुकट का जाते? एक, पत्ता. पोलिसांच्या कागदावर नुसतं ‘रा. पारशिवनी’ असतं. वीटभट्टीवरच्या कुटुंबाचा पत्ता भट्टीचा असतो, गाव छत्तीसगडात किंवा मध्य प्रदेशात, आणि पावसाळा लागला की भट्टी रिकामी. म्हणून मुलाला पत्ता विचारू नका, रस्ता विचारा: बस कुठे थांबते, पाणी कुठून आणता, शाळेच्या समोर काय आहे. दोन, वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर घरी फक्त म्हातारी भेटेल. सकाळी आठच्या आत जा, नाही तर दिवेलागणीला. मे महिन्यात दुपारी जायचा विषयच नको.

आता लिहिण्याबद्दल. नव्या माणसाचा पहिला अहवाल ठरलेला असतो: ‘कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे. वडील व्यसनी आहेत. सबब बालकास बालगृहात दाखल करणे योग्य राहील.’ यातलं एकही वाक्य समितीच्या कामाचं नाही. खोल्या किती, झोपणारी माणसं किती, शिधापत्रिका कोणत्या रंगाची, मजुरी आठवड्यातून किती दिवस मिळते, मूल शाळेत शेवटचं कोणत्या तारखेला गेलं, हे हवं. ‘वडील व्यसनी’ कोणी सांगितलं? आईने, शेजाऱ्याने, की तुम्ही बघितलं? तीन रकाने करायला शिकवा: पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. तिसरा रकाना पहिल्या दोघांपेक्षा मोठा झाला की अहवाल परत.

आणि संस्थेत ठेवणं हा कायद्याने शेवटचा उपाय आहे. नवा माणूस तोच पहिला सुचवतो, कारण बाकीचे त्याला माहीत नसतात. प्रायोजकत्वाचे (मूल घरीच राहावं म्हणून मिशन वात्सल्यमधून मिळणारी मदत) महिना ४,००० रुपये (वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,०००, इतरत्र ९६,०००) आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेचे २,२५० यांत कायम गल्लत होते. दोन्हींचा एकेक अर्ज प्रशिक्षणातच भरून घ्या, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्यासकट. कागद कुठे अडतो ते हाताने भरल्याशिवाय कळत नाही.

विधीपरिविक्षा

वरच्याशी सहमत, पण कलमं पूर्ण सोडू नका. तीन तरी पाठ हवीत, कारण तिथे चुकलं तर अंगाशी येतं.

बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४: मुलाची ओळख उघड करणं. सुटका झाली की उत्साहात फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, तिथून पत्रकाराकडे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा झाकला तरी गाव, शाळा आणि बापाचा धंदा लिहिला की ओळख पटतेच.

पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम १९: कळलं की पोलिसांना कळवायचंच. ‘गोपनीयता पाळा’ हे कॉलेजात इतकं घोटून घेतलेलं असतं की मुलीने सांगितलेलं आपल्यापाशीच ठेवायचं असं नव्या कार्यकर्त्याला वाटतं. ‘हे मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीही द्यायचं नाही, हे वाक्य पहिल्या दिवशी.

तिसरं, बाल न्याय अधिनियमाचंच कलम ९५: बाहेरचं मूल त्याच्या घरच्या भागात पाठवणं. नागपूर स्टेशनवर दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. रेल्वे सुरक्षा दल जी मुलं उतरवून घेतं त्यांत परराज्यातली भरपूर. घरच्या जिल्ह्याकडून चौकशी अहवाल मागवायचा, मग समितीचा हस्तांतरणाचा आदेश, सोबतीला विशेष बाल पोलीस पथक, मुलगी असेल तर महिला पोलीस. पलीकडच्या कक्षाला नुसता ईमेल टाकून वाट बघत बसलं की मूल महिनोन् महिने इथेच राहतं. ईमेलनंतर तिसऱ्या दिवशी फोन, आणि फोनवर बोललेल्या माणसाचं नाव फाईलवर.

वर्धारोड

अहो भाऊ, तुम्ही सगळे शिकवण्याचं बोलून राहिले. सामाजिक कार्यकर्त्याचं मानधन १८,५३६ आणि आउटरीच वर्करचं १०,५९२, ते कोण बोलणार? कायम पदाची जाहिरात निघाली की माणूस जाणार, आणि का नाही जावं?

मानधन कक्षाच्या हातात नाही, मान्य. पण हातात आहे तेवढं तरी करा. प्रवासाची बिलं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत लेखापालाकडे गेलीच पाहिजेत. दहा हजारांत घर चालवणारा माणूस नरखेड-भिवापूरचं तिकीट तीन-तीन महिने खिशातून काढू शकत नाही. मग तो घरभेट फोनवर ‘करतो’, आणि आपण म्हणतो कामात रस नाही. फेऱ्या रस्त्याप्रमाणे बांधा: कळमेश्वर-काटोल-नरखेड एका दिवशी, उमरेड-भिवापूर एका दिवशी, रामटेक-पारशिवनी एका दिवशी. करार वाढवायची फाईल मुदत संपायच्या साठ दिवस आधी हलवा. ‘पुढच्या महिन्यात आहे का नाही’ या टांगणीला लागलेला माणूस दुसरीकडे अर्ज करतोच. अनुभवाचा दाखला अडवून ठेवणं हा टिकवायचा उपाय नाही, उलट मागे राहिलेले ते बघून आधीच निघतात.

क्षेत्रकार्य

वर्धारोड यांचं खरं आहे, पण अर्धं. पैसा तोच असताना एका अधिकाऱ्याच्या हाताखाली माणसं टिकतात आणि दुसऱ्याच्या नाही, हे सगळ्यांनी पाहिलंय. फरक पर्यवेक्षणाचा. आपल्याकडे मासिक आढावा बैठकीलाच पर्यवेक्षण म्हणतात: किती प्रकरणं, किती प्रलंबित, का प्रलंबित. ती हजेरी झाली. पर्यवेक्षण म्हणजे आठवड्यातून ठरलेला एक तास, दार लावून, दोन फाईली उघडून. एमएसडब्ल्यूला असताना दर आठवड्याला वैयक्तिक चर्चा होते, क्षेत्रकार्याच्या नोंदवहीवर शेरे येतात. नोकरी लागली की दुसऱ्या दिवसापासून लिहिलेलं कोणी वाचतच नाही. ही दरी बुजवली पाहिजे.

अमेरिकेत भरतीच शिक्षणापासून बांधली आहे. तिथल्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या शीर्षक चार-ई खाली सरकारी बालकल्याणात जाणाऱ्यांच्या शिक्षणाचा ७५ टक्के पात्र खर्च केंद्र सरकार उचलतं. विद्यार्थ्याला विद्यावेतन, बदल्यात पदवीनंतर ठरावीक काळ त्याच खात्यात नोकरी. आपल्याकडे सरकारी वैद्यकीय पदवीनंतर बंधपत्राची सेवा असते, तसंच काहीसं. पण बंधपत्र संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, पर्यवेक्षण नसेल तर.

मिलवॉकी परगण्यातली एक आकडेवारी नेहमी पुढे केली जाते: एकच कार्यकर्ता लाभलेल्या मुलांपैकी ७४.५ टक्के कायमच्या घरी पोहोचली, दोन झाले की १७.५ टक्के. प्रशिक्षणात दाखवाल तर जपून. जे मूल जास्त दिवस व्यवस्थेत राहतं त्याचे कार्यकर्ते तसेही बदलतात, त्यामुळे सगळा दोष बदलीवर टाकता येत नाही.

विद्यार्थ्यांबद्दल एक. मातृ सेवा संघ आणि तिरपुडे ही दोन समाजकार्य महाविद्यालयं शहरातच आहेत. क्षेत्रकार्याला येणाऱ्या विद्यार्थ्याला झेरॉक्स आणि नोंदणीच्या कामाला जुंपू नका. गोपनीयतेचं हमीपत्र लिहून घ्या आणि वर्षभरात दोन गृहचौकश्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला लावा, सही अर्थातच कक्षाच्या कार्यकर्त्याची. ज्याला हे काम झेपणार नाही, त्याला ते नोकरीआधीच कळतं.

कक्षसमन्वय

सगळ्यांचे आभार. अहवालाची तीन रकान्यांची पद्धत पहिल्याच आठवड्यात घेतो. अडचण एकच: आठवड्याचा तास देणार कोण? संरक्षण अधिकारी स्वतःच तपासण्या आणि बैठकांत अडकलेले.

क्षेत्रकार्य

पहिले तीन महिने दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. अधिकाऱ्यांना जमत नसेल तर फाईलचं वाचन जुन्या कार्यकर्त्याकडे द्या आणि त्या बदल्यात त्याच्या चालू फाईलींतून तेवढ्या काढून घ्या. वाढीव काम म्हणून दिलंत तर दुसऱ्याच आठवड्यात बंद पडेल. समुपदेशकांकडे मात्र हे सोपवू नका, त्यांचं नातं मुलांशी आहे, सहकाऱ्यांच्या कामाची तपासणी त्यात आणली की दोन्ही बिघडतं. पोक्सोची पहिली फाईल नव्या माणसाला एकट्याने देऊ नका, आणि तसली भेट झाली की दोन दिवसांच्या आत त्याच्याशी बसून बोला, फाईलबद्दल नाही, त्याच्याबद्दल.

गृहचौकशी

एक राहिलं. कितीही केलं तरी काही जण जाणारच, म्हणून फाईल सोपवायचं एक पान आत्ताच तयार ठेवा. समितीची पुढची तारीख, घरातला कोण फोन उचलतो, कोणता दाखला कुठे अडकलाय, आणि मुलाला आपण काय कबूल केलंय. हा चौथा मुद्दा कोणीच लिहीत नाही. ‘दिवाळीच्या आधी आईला भेटवतो’ असं सांगून एक जण निघून जातो, आणि नव्याला मूल तोंड का उघडत नाही तेच कळत नाही. जाणाऱ्याने नव्याला सोबत घेऊन मुलाला एकदा भेटायचं, राजीनाम्याच्या मुदतीतच.