नवले पुलाचा उतार: गुन्हा फक्त ड्रायव्हरवरच का?

भोरवाला:
13 नोव्हेंबर 2025 ला पुण्यात हायवेवरच्या नवले पुलाजवळ काय झालं ते सगळ्यांना माहितीये, साताऱ्याकडून आलेला कंटेनर उतारावर आवरला नाही, गाड्या ठोकत गेला, दोन अवजड गाड्यांच्या मध्ये एक कार चेंगरली, आग लागली आणि आठ जण गेले. त्याआधी 20 नोव्हेंबर 2022 ला रविवारी रात्री ह्याच उतारावर एका गाडीने 48 वाहनं उडवली होती, आणि तेव्हा तपासात आलं होतं की ड्रायव्हरने उतार लागल्यावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडलेली. प्रत्येक वेळी तेच होतं, ड्रायव्हरवर गुन्हा, रस्त्यावर अजून चार रम्बलर (वेग कमी करायला लावणारे उंचवट्याचे पट्टे), अजून दोन बोर्ड, आणि पुढच्या अपघातापर्यंत शांतता.

माझा प्रश्न साधा आहे. ड्रायव्हर न्यूट्रल का मारतो? हौस म्हणून नाही. बऱ्याच ठिकाणी ट्रिपला डिझेल बांधून दिलेलं असतं, मालक म्हणतो एवढा ॲव्हरेज निघाला पाहिजे. जास्त जळलं तर पगारातून कापणार, वाचलं तर त्याचं. मग कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरीपूल, नऱ्हे, नवले पूल असा जो सलग उतार मिळतो तो त्याला फुकटचे किलोमीटर वाटतो. म्हणजे न्यूट्रल मारायचा निर्णय मालकाच्या वहीत आधीच झालेला असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, माणूस मेला असेल अशा प्रत्येक ट्रक अपघातात मालकाचा डिझेलचा हिशोब आणि गाडीच्या फास्टॅगच्या नोंदी पहिल्या दिवशी ताब्यात घ्या. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक टोलवर वेळ पडलेली असते. हा माणूस किती तास झोपलेला नाही ते दहा मिनिटांत कळेल. आणि हिशोबात चूक दिसली तर मालक आणि माल भरणारी पार्टी दोघांना आरोपी करा.

नऱ्हेकर:
पटलं नाही. आम्ही ह्या उताराच्या कडेला राहतो, पोरं कॉलेजला ह्याच रस्त्याने टू व्हीलरवर जातात कारण सर्व्हिस रोड सलग नाहीच. गिअर मालकाच्या हातात नसतो हो. बांधलेलं डिझेल सगळ्यांनाच असतं म्हणताय ना, मग शंभरातले बहुतेक गिअरमध्येच उतरतात की. जो इंजिन बंद करतो त्याला माहीत असतं पुढे वस्ती आहे.

आणि फक्त न्यूट्रल नाही. उजवी लेन सोडत नाहीत, घाटात एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करत दोन किलोमीटर सगळ्यांना अडवतो, एका हातात मोबाईल. ओव्हरलोड वेगळंच. 2018 मध्ये तीन ॲक्सलच्या गाडीची मालासकट वजनाची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन करून दिली, 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, तरी भरतातच. ड्रायव्हरला गरीब बिचारा म्हणत बसलं की तो सुधारणार कधी? 2024 च्या जानेवारीत संप केला आणि पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा असलेलं कलम थांबवून घेतलं, पेट्रोल पंपावर आपण लाइनी लावल्या. त्यांना जबाबदारीच नकोय.

फलटणची_लेक:
दादा, तुमचा राग समजतो, तुमची पोरं त्या रस्त्यावर असतात. पण पळून जाण्याबद्दल जरा ऐका. माझे वडील बारा टायरच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, लहानपणापासून बघतेय. अपघातानंतर थांबला तर जमाव काय करतो हे तुम्हालाही माहितीये, चूक कोणाची हे विचारायच्या आधी मोठ्या गाडीवाल्याला खाली ओढतात. बाबा नेहमी सांगतात की पळायचं ते जवळच्या पोलीस चौकीपर्यंत आणि तिथे हजर व्हायचं. ड्रायव्हर लोक त्या कलमाला घाबरले ते ह्याच्यासाठी.

आणि झोपेचं कोणी बोलत नाही. कंपनीच्या गेटवर गाडी लावली की नंबर येईपर्यंत बसा, कधी अर्धा दिवस कधी अख्खी रात्र, तेव्हा झोपता येत नाही कारण लाइन पुढे सरकली की गाडी सरकवावी लागते आणि नाही सरकवली तर मागचा पुढे घुसतो. त्या बसण्याचा एक पैसा मिळत नाही. मग गाडी भरली की लगेच फोन चालू, कुठे पोचलास, कुठे पोचलास. रात्री हायवेला लावून झोपावं तर सकाळी टाकीतलं डिझेल गायब किंवा ताडपत्री फाडलेली, आणि ते नुकसान कोणाच्या नावावर? त्याच्याच. त्यात केबिनमध्ये उन्हाळ्यात इंजिनची सगळी धग पायाशी असते, एसी सक्तीचा झाला तो 2025 पासूनच्या नवीन गाड्यांना, बाबांची गाडी जुनी आहे. एवढं सगळं झाल्यावर पहाटे तीन चारला त्याचा डोळा लागला तर ती फक्त त्याची चूक?

कराडचा_गाडीवाला:
दोन गाड्या आहेत माझ्या, दोन्ही कर्जावर. मालक मालक करून सगळं आमच्यावर ढकलायच्या आधी आमचंही ऐका.

डिझेल बांधून का देतो? कारण मोकळं दिलं तर रस्त्यात विकतात. सगळे नाही, पण जो विकतो तो असा विकतो की महिन्याचा हप्ता निघत नाही. भाड्यातून आधी डिझेल, मग टोल, ब्रोकरचं कमिशन, टायर, विमा, पासिंग, आणि परतीचं भाडं नाही मिळालं तर रिकामी गाडी आणायची. डिझेल रोख द्यावं लागतं आणि भाडं दीड दोन महिन्यांनी हातात येतं. मी ॲव्हरेज धरला नाही तर मी संपलो.

आणि ड्रायव्हर मिळत नाहीत हो. दोन ड्रायव्हर ठेवा म्हणतात लोक, एकच मिळायची मारामार. पूर्वी नॅशनल परमिटच्या (देशभर चालायचा परवाना असलेल्या) गाडीवर दोन ड्रायव्हरची अट होती, 2018 मध्ये काढली, पण त्याआधी तरी कोण पाळत होतं, दुसरा म्हणून क्लीनरचं नाव लावायचे. मला आरोपी केलंत तर मी गाड्या विकून मोकळा होईन आणि रस्त्यावर फक्त शंभर गाड्यांवाले मोठे ट्रान्सपोर्टर उरतील, त्यांना वकील परवडतात.

लायनर_मिस्त्री:
मी हायवेला ब्रेकचं काम करतो त्यामुळे जेवढं माहितीये तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, "ब्रेक फेल" म्हणून जे पेपरात येतं त्यात बऱ्याच वेळा ब्रेक मोडलेला नसतो, तापलेला असतो. एअर ब्रेकला हवा कॉम्प्रेसर देतो आणि कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की टाकीत आहे तेवढीच हवा, प्रत्येक वेळी ब्रेकवर पाय मारला की थोडी कमी. पॉवर स्टेअरिंगही जातं, चाक वळवायला दोन माणसांचं बळ लागतं. हवा फार खाली गेली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप धरतात खरं, पण तोपर्यंत भरलेली गाडी वेगात असते आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं) इतके तापलेले असतात की लायनर, म्हणजे ड्रमला आतून दाबून ब्रेक लावणारी पट्टी, नुसतं घासतं, पकडत नाही. असली गाडी गॅरेजला आली की हब (चाकाचा मधला भाग) उघडायच्या आधीच वास सांगतो, आत ड्रम निळा पडलेला असतो आणि लायनरवर काचेसारखी चकाकी आलेली असते.

दुसरी गोष्ट मालक आणि ड्रायव्हर दोघांसाठी. बीएस 4, बीएस 6 ह्या प्रदूषण नियमांच्या नव्या कॉमन रेल इंजिनला (ज्यात डिझेल कॉम्प्युटर सोडतो) उतारावर गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला की डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतंच. म्हणजे एवढ्या उतारावर न्यूट्रलने डिझेल वाचतं ही जुन्या पंपाच्या गाड्यांवरची समजूत आहे, उस्तादाने क्लीनरला शिकवली, त्याने पुढच्याला. इंजिनच बंद केलं तर थोडं वाचेल, पण त्याची किंमत वर लिहिलीच आहे. जुनी माणसं सांगायची, ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, ते आजही शंभर टक्के खरं आहे, सोबत एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिननेच गाडी हळू करणारा) वापरा.

नऱ्हेकर:
मिस्त्री, तुमच्या लिहिण्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो की. ट्रेनिंग नाही. लायसन्स कसं मिळतं सगळ्यांना माहितीये. ज्याला ब्रेक कसा चालतो हे माहीत नाही त्याच्या हातात तीस टन कशाला देता?

लायनर_मिस्त्री:
देतो कोण पण? मालकच देतो ना.

चाकण_डिस्पॅच:
माल भरणाऱ्या पार्टीलाही आरोपी करा म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचंय कारण मी त्याच बाजूला काम करतो. आम्ही ट्रान्सपोर्टरला ट्रान्झिट टाइम (माल पोचवायची मुदत) देतो तो लेखी असतो आणि त्यानेच मान्य केलेला असतो. आमच्याकडून गाडी निघाल्यावर तो मधल्या ब्रोकरला देतो, ब्रोकर अजून कोणाला देतो, कोण चालवतोय हे मला गेट पासवर फक्त नाव म्हणून दिसतं. चार हात लांबच्या माणसाच्या न्यूट्रलसाठी मला कोर्टात उभं करणार का? पार्ट वेळेत नाही पोचला तर असेंब्ली लाइन थांबते, तिथेही हजारो लोकांची रोजी आहे.

भोरवाला:
चाकण साहेब, ट्रान्झिट टाइम तुम्ही गाडी गेटमधून बाहेर पडल्यापासून मोजता. आत यायला ती किती तास उभी होती ते धरता का? फलटणच्या ताईंनी वर तेच लिहिलंय. ज्याची रात्र तुमच्या गेटवर गेली त्याला सकाळी पूर्ण ताजा धरून वेळ देणं हे तुमच्याच हातात आहे, मधला ब्रोकर कुठून आला त्यात. गेटवर आल्याची वेळ बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) टाका, ड्रायव्हरला झोपायला चार खाटा आणि एक संडास द्या, त्याला काय असेंब्ली लाइन थांबवावी लागते?

कराडच्या भाऊंना एवढंच, तुमची अडचण खरी आहे. पण कायदा आधीच तुम्हाला सूट देऊन बसलाय. 1961 चा मोटर वाहतूक कामगार कायदा घ्या, दिवसाला 8 तास, लांब पल्ल्याला परवानगीने 10, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती, सगळं लिहिलेलं होतं, पण तो लागू कोणाला तर पाच किंवा जास्त कामगार असलेल्याला. आपल्याकडे गाड्या कोणाच्या आहेत? बहुतेक एक दोन चार गाड्यांवाल्यांच्याच. म्हणजे जे चालवतात त्यातल्या मोठ्या भागाला तो कायदा कधी शिवलाच नाही. 2020 च्या नव्या कामगार संहितेत तो विलीन केला, तरी आजही उतारावर कोणी ड्रायव्हरला किती तास चालवतोयस असं विचारत नाही.

श्टुटगार्टचा_पुणेकर:
इथलं, जर्मनीतलं थोडं सांगतो, कौतुक म्हणून नाही. इथे ट्रकमध्ये टॅकोग्राफ (किती तास चालवलं ते नोंदवणारं यंत्र) असतो, ड्रायव्हरचं कार्ड त्यात घालावं लागतं, साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचंच, दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा 10. पण ह्या चर्चेला लागू पडेल ते वेगळं आहे. युरोपियन युनियनच्या 2006 च्या 561 नंबरच्या नियमात कलम 10 आहे, त्यात कंपनीने ड्रायव्हरला अंतरावर, माल किती लवकर पोचवला त्यावर किंवा किती माल नेला त्यावर असा पैसा द्यायचा नाही की ज्याने रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल, आणि तास मोडले तर कंपनीही जबाबदार. म्हणजे भोरवाले म्हणतात ती गोष्ट कुठेतरी कायद्यात आहे. इथेही पार्किंग पुरत नाही, रात्री रॅम्पवर ट्रक उभे असतात, सगळं सुटलंय असं नाही.

कराडचा_गाडीवाला:
तिकडे भाडं किती मिळतं तेही लिहा. मी ड्रायव्हरला पगारी करायला तयार आहे, डिझेलचं बांधणंही सोडतो, आता टाकीला सेन्सर येतात, चोरी झाली तर मोबाईलवर कळतं. पण मग पार्टीने भाडं त्या हिशोबाने द्यावं आणि वेळेत द्यावं. चाकणवाले देणार का? मिस्त्रींचं न्यूट्रलचं मात्र मी आजच दोन्ही पोरांना फोन करून सांगितलं, एकाला पटलं, दुसरा म्हणतो माझ्या उस्तादाला जास्त कळतं.

चाकण_डिस्पॅच:
भाडं परचेस (खरेदी) खातं ठरवतं, माझ्या हातात नाही. गेटवर आल्याची वेळ लिहायचं सोमवारी मीटिंगमध्ये काढतो, खाटांचं वरच्यांना विचारावं लागेल.

नऱ्हेकर:
मालकाला आत घ्या, पार्टीला घ्या, माझी हरकत नाही. पण त्यासाठी ड्रायव्हरचं कलम हलकं करू नका, तिघांनाही पूर्ण शिक्षा द्या. आणि हे कायदे व्हायला वर्षं जातील, माझी पोरगी उद्या सकाळी सातला दरीपुलावरून जाणार आहे. खेड शिवापूर टोलला प्रत्येक भरलेली गाडी पाच मिनिटं बाजूला घ्यायला काय लागतं, मिस्त्री? तिथे काय तपासता येईल ते लिहा, मी स्थानिक लोकांना घेऊन ट्रॅफिकच्या साहेबांना देतो.

लायनर_मिस्त्री:
पाच मिनिटांत होतं. इंजिन चालू ठेवून हवेचं गेज बघा, मग बंद करून ब्रेकवर पाय दाबून धरा, काटा भराभर खाली आला तर कुठेतरी लीक आहे. सगळ्या हबजवळ तापमानाची गन धरा, एकच चाक फार गरम किंवा एकच थंड म्हणजे ॲडजस्टमेंट गेलेली आहे, थंड चाक काम करत नाहीये आणि त्याचा भार बाकीच्यांवर पडतोय. ज्या गाडीचे ब्रेक तापलेले दिसतील तिला नुसती पंधरा वीस मिनिटं उभी केली तरी फरक पडतो. त्यासाठी जागा मात्र लागेल, टोलच्या लाइनीत नाही जमणार, टोलच्या पुढे बाजूला मोकळी पट्टी पाहिजे. आणि ड्रायव्हरला तेवढ्यात चहा द्या, तो उतरला की चेहऱ्यावरूनच कळतं चालवण्याच्या लायकीचा आहे की नाही.

फलटणची_लेक:
आणि झोपेला आलेला दिसला तर त्याला दंड नको, झोपू द्या. दंड केला तर पुढच्या वेळी तो टोल चुकवून आतल्या रस्त्याने येईल.

नऱ्हेकर:
ताई, ह्यावर माझं नाही जमत. झोपेत तीस टन घेऊन आमच्या वस्तीत येणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. झोपू द्या, आणि उठल्यावर पावती द्या.

फलटणची_लेक:
मग ती पावती मालकाच्या नावाने फाडा.