कोबॉलची मूलभूत विधाने: आधी काय शिकावे?

नवखा_वाचक
पायथन येतं, जावा जुजबी. आता कोबॉल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड वाचायचं काम गळ्यात पडलंय. नवीन फारसं लिहायचं नाही, पण वाचून अर्थ लागला पाहिजे. कोणती विधानं आधी घ्यावीत? मेनफ्रेमशिवाय (कंपन्यांच्या मोठ्या संगणकाशिवाय) सराव होतो का? आणि तो पूर्णविराम कुठे द्यायचा, कुठे नाही, हे कोणी सांगेल का?

खटपट्या
सराव होतो. ग्नूकोबॉल हा कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) मोफत आहे, लिनक्स-विंडोज दोन्हीवर चालतो. डिस्प्ले, अ‍ॅक्सेप्ट, मूव्ह, अ‍ॅड, इफ, परफॉर्म, स्टॉप रन एवढ्यावर छोटे प्रोग्राम लिहून बघा. बाकीचं ओघाने येईल.

जुनी_फाइल
यादी ठीक आहे, पण माझं मत वेगळं. विधानांच्या आधी डेटा डिव्हिजनमधलं (डेटाचं वर्णन असलेल्या भागातलं) पिक्चर, म्हणजे प्रत्येक जागेचा प्रकार आणि माप, पक्कं करा, कारण विधान काय करणार हे तेच ठरवतं. मूव्ह दिसायला पायथनच्या बरोबर चिन्हासारखं, पण ते घेणाऱ्या जागेच्या मापाने कापतं. पिक ९(३), म्हणजे तीन अंकांच्या जागेत, १२३४५ टाकलात तर ३४५ उरतात, म्हणजे डावीकडचे आकडे गेले. पिक एक्स(३), म्हणजे तीन अक्षरांच्या जागेत, पाच अक्षरं टाकलीत तर उजवीकडची दोन जातात. प्रोग्राम मात्र तक्रार न करता पुढे चालतो!

पिक ९(३)व्ही९९ मधला व्ही म्हणजे मानलेला दशांशबिंदू. साठवताना त्याला जागाच नसते, त्यामुळे फाइलमध्ये १२३४५ दिसलं तरी किंमत १२३.४५ असू शकते. कॉम्प्युट या हिशोबाच्या विधानाला राउंडेड जोडलं नाही, तर न मावणारे दशांश सरळ छाटले जातात. अ‍ॅड, सबट्रॅक्ट, मल्टिप्लाय, डिव्हाइड, कॉम्प्युट यांना ऑन साइझ एरर (उत्तर जागेत मावलं नाही तर काय करायचं ते) लावता येतं. मूव्हला ती सोय नाही, म्हणून वाचताना प्रत्येक मूव्हच्या दोन्ही बाजूंची पिक्चरं बघायचीच.

खटपट्या
मान्य. पण पहिल्याच दिवशी पिक्चर घेऊन बसलं तर माणूस कंटाळून पळेल हो.

बिंदूमाधव
पूर्णविरामाबद्दल: जुन्या कोडमध्ये एंड-इफ नसतं, ते १९८५ च्या मानकात आलं. त्याआधी पूर्णविराम हाच शेवट, आणि एकच पूर्णविराम तोवर उघडे असलेले सगळे इफ बंद करतो. म्हणून इंडेंटेशनवर विश्वास ठेवू नका. पायथनवाल्यांना हे जड जातं. नवीन लिहाल तेव्हा एंड-इफ, एंड-परफॉर्म वापरा आणि पूर्णविराम परिच्छेदाच्या (नाव दिलेल्या विधानांच्या गटाच्या) शेवटी एकच. नेक्स्ट सेंटेन्स दिसलं तर थांबा: ते पुढच्या पूर्णविरामानंतर उडी मारतं, मध्ये एंड-इफ असो वा नसो. 'काहीच करू नको' म्हणायला कंटिन्यू आहे.

परफॉर्म अंटिल हे व्हाइलच्या उलट: अट खरी झाली की थांबतं. अट मात्र आधीच तपासतं. फेरी झाल्यावर तपासायची असेल तर विथ टेस्ट आफ्टर.

नवखा_वाचक
वा, बराच उलगडा झाला. फाइल वाचताना लूपच्या आधी एक रीड आणि लूपच्या शेवटी पुन्हा रीड दिसतं. ही चूक की पद्धत?

जुनी_फाइल
पद्धत. पहिला रीड लूपबाहेर, म्हणजे फाइल रिकामी असेल तर अ‍ॅट एंड (फाइल संपली ही अट) लगेच लागतं आणि लूप एकदाही फिरत नाही. शेवटचा रीड पुढच्या फेरीची तयारी. आणि रीडला फाइलचं नाव, राइटला रेकॉर्डचं. का, ते विचारू नका, पाठ करा.

नवखा_वाचक
ग्नूकोबॉल टाकलं. पहिल्याच ओळीवर त्रुटी!

खटपट्या
ओळ पहिल्या स्तंभापासून लिहिली असणार. जुन्या मांडणीत पहिले सहा स्तंभ क्रमांकाचे, सातव्यात तारा असेल तर ओळ टिप्पणी, डिव्हिजन आणि परिच्छेदांची नावं आठव्यापासून, विधानं १२ ते ७२ मध्ये. ७२ च्या पुढचं कंपायलर बघतही नाही. मोकळं लिहायचं तर कंपाइल करताना फ्री हा पर्याय द्या. पण तुम्हाला जुना कोड वाचायचाय, तेव्हा स्तंभांची सवय आत्ताच लावून घ्या.