डीबगमध्ये सगळे ड्रायव्हर दिसतात, रिलीजमध्ये फक्त प्रिंटर उरतो

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रांवर चालणारं एक अँड्रॉइड ॲप सांभाळते. कोटलिनमध्ये आहे, मूळ एका जुन्या टीमने लिहिलेलं, आता माझ्याकडे आहे.

आधी रचना सांगते. केंद्रागणिक यंत्रं वेगळी असतात. काटा एका कंपनीचा, फॅट मशीन दुसरीचं, पावतीचा प्रिंटर तिसरीचा. म्हणून ॲपचा गाभा वेगळा आहे आणि प्रत्येक यंत्राचा ड्रायव्हर हे स्वतंत्र ग्रेडल मॉड्यूल आहे. गाभ्यात ड्रायव्हरचा एक छोटा इंटरफेस आहे: जोडणी उघड, रीडिंग दे, बंद कर. कुठल्या डेअरीच्या बिल्डमध्ये कोणती मॉड्यूलं जायची ते फ्लेवरवरून, म्हणजे ॲपच्या त्या डेअरीसाठीच्या प्रकारावरून, ठरतं. ॲप सुरू होताना गाभा ॲसेट्समधली एक यादी वाचतो. तिच्यात क्लासची पूर्ण नावं असतात. त्यावर क्लास डॉट फॉरनेम करून, म्हणजे नावावरून क्लास मिळवून, विनापॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर (क्लासची वस्तू बनवणारं फंक्शन) शोधायचा आणि ड्रायव्हर उभा करायचा. नवीन यंत्र आलं की नवीन मॉड्यूल, गाभ्याला हात लावायचा नाही. ही रचना मला मनापासून आवडते, त्यामुळे "हे सगळं काढून टाका" असं उत्तर नको.

अडचण अशी. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ७.४ वर होतं, ते ८ च्या मालिकेत आणलं. डीबग बिल्ड टेबलावर व्यवस्थित: काटा, फॅट मशीन, प्रिंटर तिन्ही. रिलीज बिल्ड केंद्रावर टाकला तर यादीत एकटा प्रिंटर. क्रॅश नाही. लॉगकॅटमध्ये आमच्या ॲपची एकही तक्रार नाही. काटा आणि फॅट मशीन जणू कधी नव्हतेच.

हे करून झालंय: अँड्रॉइड १२ पासूनची ब्लूटूथ कनेक्टची परवानगी तपासली, ती दिलेली आहे. पेअरिंग काढून पुन्हा केलं. ॲपचा डेटा साफ केला. दुसऱ्या फोनवर टाकून पाहिलं. एपीकेत ॲसेट्समधली यादी पूर्ण आहे. प्रोगार्ड फाइलमध्ये (कोड छाटताना काय ठेवायचं ते तिथे लिहितात) ड्रायव्हरच्या सगळ्या पॅकेजसाठी कीप क्लासचा नियम पूर्वीपासून आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही.

घाई का, तेही सांगते. हाताने आकडा टाकायची सोय ॲपमध्ये आहे, पण तशी नोंद केली की पावतीवर फॅटच्या शेजारी "हस्तनोंद" छापून येतं. सचिव मशीनवर दिसतोय तोच आकडा टाकतो, ३.८ असेल तर ३.८. तरी किटली घेऊन उभा असलेला माणूस तो शब्द वाचतो आणि विचारतो, आजच का हाताने? ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) यांच्या पुढेमागे एकेका पॉइंटवर दर हलतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. मला ती पावती स्वच्छ हवी आहे.

घाटावरचा

ताई, उद्याची सकाळची पाळी वाचवायची असेल तर ग्रेडल प्रॉपर्टीजमध्ये आर८ चा (रिलीज बिल्डमधून न लागणारा कोड छाटणारं साधन) फुल मोड फॉल्स करा आणि बिल्ड काढा. आमच्याकडे अपग्रेडनंतर असंच झालं होतं, तेव्हा त्यानेच काम भागलं. कारण शोधायच्या फंदात आम्ही पडलो नाही.

डेक्सवाचक

वरचा उपाय उद्यापुरता घ्या, पण तिथे थांबू नका. लक्षणांवरून मला कारण जवळपास दिसतंय. खात्रीसाठी तीन गोष्टी कळवा.

पहिली: लोडरमध्ये चूक झाली तर काय होतं? ट्राय-कॅचमध्ये गिळली जाते का?

दुसरी: बिल्ड झाल्यावर ॲप मॉड्यूलच्या बिल्ड, आउटपुट्स, मॅपिंग या फोल्डरमध्ये रिलीजच्या नावाने काही फाइली तयार होतात. मॅपिंग सगळ्यांना माहीत असते. तिच्या शेजारी युसेज नावाची टेक्स्ट फाइल असते. आर८ ने काय काय उचलून फेकलं त्याची ती यादी आहे. तिच्यात काट्याच्या ड्रायव्हरचं नाव शोधा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: प्रिंटरच का वाचला? प्रिंटरच्या क्लासमध्ये असं काय आहे जे बाकी दोघांत नाही? दोन्ही फाइली शेजारी उघडून वरपासून वाचा, इम्पोर्टसकट.

पहाटपाळी

दादा, तिसऱ्या प्रश्नाने डोळे उघडले. पण क्रमाने सांगते.

लोडर नावांच्या यादीवर मॅप-नॉट-नल चालवतो, आत रन-कॅचिंग आणि शेवटी गेट-ऑर-नल. म्हणजे ड्रायव्हर उभा राहिला नाही की नल, आणि नल यादीतून गळतो. लॉग नाही, टोस्ट नाही. तिथे लॉगची एक ओळ टाकून रिलीज बिल्ड चालवला, तर दोन्ही ड्रायव्हरसाठी नोसचमेथडएक्सेप्शन. क्लास सापडतोय, कन्स्ट्रक्टर सापडत नाही.

युसेज फाइल उघडली. काट्याच्या ड्रायव्हरचं नाव आहे आणि त्याच्याखाली, काढून टाकलेल्या गोष्टींत, कन्स्ट्रक्टर आहे. फॅट मशीनचंही तेच.

आणि प्रिंटर: त्या क्लासच्या डोक्यावर अँड्रॉइडएक्सचं कीप हे ॲनोटेशन आहे. बाकी दोघांवर नाही. पण दादा, पॅकेजसाठी कीपचा नियम तर आहे! तो असताना कन्स्ट्रक्टर कसा गेला? आणि ७.४ वर हाच नियम चालत होता, तो आताच का नापास?

डेक्सवाचक

तुमच्या नियमाला महिरपी कंस नाही, बरोबर? कीप, क्लास, पॅकेजचं नाव, दोन तारे, आणि संपला.

त्या नियमाचा अर्थ आहे "क्लास ठेव, त्याचं नाव बदलू नकोस". आतल्या सदस्यांबद्दल तो काहीच बोलत नाही. जुन्या प्रोगार्डची रीत अशी होती की क्लास ठेवायला सांगितला की विनापॅरामीटरचा कन्स्ट्रक्टरही सोबत राहायचा. आर८ जेव्हा प्रोगार्डशी जुळवून घेऊन चालतो तेव्हा तो ही रीत पाळतो. फुल मोडमध्ये पाळत नाही. कन्स्ट्रक्टर हवा असेल तर तो नियमात लिहावा लागतो. आणि अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.० पासून, म्हणजे २०२३ पासून, फुल मोड हाच मूळ पर्याय आहे. नियम तोच राहिला, वाचणारा बदलला.

आर८ च्या जागी बसून बघा. सगळा कोड त्याने चाळला, काट्याचा ड्रायव्हर कोणीही थेट बनवताना दिसला नाही. बनवण्याचा आदेश आहे तो ॲसेट्समधल्या टेक्स्टमध्ये, आणि ते टेक्स्ट आर८ वाचत नाही. मग कन्स्ट्रक्टर बिनकामाचा ठरला. प्रिंटरच्या बाबतीत कीप ॲनोटेशनसोबत येणारा नियम क्लास आणि त्याचे सगळे सदस्य ठेवतो, म्हणून तो तगला. डीबगमध्ये मिनिफाय, म्हणजे कोड छाटणं, बंद असतं, म्हणून तिथे आर८ ची कात्री चालतच नाही.

आता दुरुस्ती. प्रत्येक ड्रायव्हरवर ॲनोटेशन चिकटवत बसू नका, पुढच्या मॉड्यूलला कोणीतरी विसरणारच. नियम इंटरफेसवर बांधा: कीप, क्लास, एक तारा, इम्प्लिमेंट्स, तुमच्या इंटरफेसचं पूर्ण नाव, मग महिरपी कंसात टोकदार कंसातला इनिट (कन्स्ट्रक्टरचं आतलं नाव), रिकामे गोल कंस, अर्धविराम. मधे एखादा ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लास असेल तरी चालतं, इम्प्लिमेंट्स हे वारशाने आलेल्यांनाही लागू होतं.

हा नियम कुठे लिहिता यालाही महत्त्व आहे. गाभ्याचं मॉड्यूल लायब्ररी आहे ना? मग त्याच्या साध्या प्रोगार्ड फाइलमध्ये लिहून ॲपच्या बिल्डला काही कळणार नाही. कन्झ्युमर प्रोगार्ड फाइल्समध्ये लिहा, म्हणजे गाभा जिथे जाईल तिथे नियम त्याच्याबरोबर जाईल. ज्याने करार लिहिला त्यानेच करार टिकवायचा नियमही द्यावा.

एक धोका आधीच सांगतो. दरपत्रक सर्व्हरवरून जेसनमध्ये येत असेल आणि जीसन लायब्ररीने वाचत असाल तर तेही रिलीजमध्ये तपासा. फुल मोडमध्ये जेनेरिकची सिग्नेचर फक्त कीप नियमात बसलेल्या क्लाससाठीच राहते. तिथे याद्या भलत्याच प्रकारच्या होऊन येतात.

घाटावरचा

हे मस्त समजलं. आमच्याकडेही आता फुल मोड पुन्हा सुरू करून नियम नीट लिहितो.

एक विचारू का? ड्रायव्हर मुळात ॲपमध्ये भरायचेच कशाला? केंद्रावर नवीन काटा आला की सर्व्हरवरून त्याची जार उतरवायची आणि डेक्सक्लासलोडरने चढवायची. बिल्ड नको, स्टोअरचा रिव्ह्यू नको.

डेक्सवाचक

प्ले स्टोअरवर ॲप असेल तर हा रस्ता बंद आहे. डेक्स, जार किंवा एसओ अशी चालणाऱ्या कोडची फाइल प्लेच्या बाहेरून उतरवून चालवायला त्यांच्या धोरणात मनाई आहे. वेबव्ह्यूमधल्या जावास्क्रिप्टसारख्या, इंटरप्रिटरमध्ये चालणाऱ्या कोडला सवलत आहे, पण तुमचं ते नाही. शिवाय अँड्रॉइड १४ टार्गेट केलं की अशी चढवलेली फाइल रीड-ओन्ली असावी लागते, नाहीतर सिस्टीम एक्सेप्शन फेकते. अधिकृत मार्ग म्हणजे प्लेचे डायनॅमिक फीचर मॉड्यूल. पण काट्याच्या एवढ्याशा ड्रायव्हरसाठी तो पसारा मी मांडणार नाही.

जुनं_खोड

मी काटे आणि इंडिकेटर बसवण्याच्या धंद्यातला, ॲपवाला नाही. पण एक सांगतो. काट्याकाट्यात फरक असतो तो किती? सिरियल लाइनवर मजकूर येतो. सुरुवातीला कुठलं अक्षर, वजनाचे अंक किती, दशांश कुठे, ओळ कशाने संपते, आणि वजन स्थिर झाल्याची खूण आहे की नाही. बॉडरेट तर ब्लूटूथ ॲडाप्टरवरच सेट केलेला असतो, फोनला त्याचं देणंघेणं नाही. मग दर काट्याला नवीन प्रोग्रॅम कशाला? एकच काट्याचा ड्रायव्हर ठेवा आणि हे चार-पाच तपशील सर्व्हरवरून माहिती म्हणून पाठवा. फॅट मशीनचं मात्र वेगळं असतं. काही मशीन स्वतःहून बोलतात, काहींना विचारावं लागतं. तिथे प्रोग्रॅम वेगळाच हवा.

पहाटपाळी

काका, हे सोन्यासारखं आहे. आमची काट्याची मॉड्यूलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तुम्ही म्हणता तेवढाच फरक निघाला. ती एकत्र करायला घेतली आहेत.

आता मूळ गोष्ट. नियम गाभ्याच्या कन्झ्युमर फाइलमध्ये टाकला, जुना पॅकेजवाला काढला, प्रिंटरवरचं ॲनोटेशनही काढलं. फुल मोड चालू ठेवूनच रिलीज बिल्ड केला. तिन्ही ड्रायव्हर आले. एपीके ॲनलायझरमध्ये डेक्स उघडून काट्याच्या क्लासखाली इनिट आहे हे डोळ्यांनी पाहिलं, मगच केंद्रावर पाठवला. सकाळच्या पाळीत फॅट थेट मशीनवरून आला, पावतीवर तो शब्द नाही. दरपत्रकाचं जीसन तपासलं, तिथे आमचे क्लास नियमात आधीच बसलेले होते.

पण मला खरी चिंता कन्स्ट्रक्टरची नव्हती, त्या शांततेची होती. यंत्र गायब झालं आणि ॲपने चकार शब्द काढला नाही. सचिवाला वाटलं काटा बिघडला, त्याने मेकॅनिकला फोन लावला. म्हणून लोडर बदलला. आता यादीतल्या प्रत्येक नावाचा निकाल दोनच प्रकारचा असतो, उभा राहिला किंवा राहिला नाही. न राहिलेला यादीतून गळत नाही. यंत्रांच्या स्क्रीनवर तो लाल ओळीत दिसतो: "काटा: ड्रायव्हर सुरू झाला नाही. काटा तपासू नका, कार्यालयाला कळवा." खाली एक्सेप्शनचं नाव आणि ॲपची आवृत्ती. सचिवाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की मला पुढचं कळतं.

आणि एक वेगळा बिल्ड टाइप केला. रिलीजवरून इनिट-विथ, सही डीबगच्या कीने. मॉड्यूलांत तो बिल्ड टाइप नसल्यामुळे मॅचिंग फॉलबॅक्समध्ये रिलीज द्यावं लागलं, त्याशिवाय ग्रेडल सिंकच होईना. टेबलावरच्या फोनवर आता हाच बिल्ड असतो. एक छोटी टेस्ट त्यावर चालते: ॲसेट्समधली नावं मोजायची, उभे राहिलेले ड्रायव्हर मोजायचे, आकडे जुळले पाहिजेत.

दादा, एकच शंका उरली. हे नावांच्या यादीचं प्रकरणच काढून वस्तू बनवून जोडून देणाऱ्या हिल्ट लायब्ररीच्या मल्टिबाइंडिंगने ड्रायव्हर गोळा केले तर? फ्लेवरप्रमाणे मॉड्यूलं बदलली तरी चालेल का?

डेक्सवाचक

चालेल. प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये एक हिल्ट मॉड्यूल, सिंगल्टन कंपोनंटमध्ये इन्स्टॉल केलेलं, आणि इनटू-सेटने ड्रायव्हर सेटमध्ये. त्या फ्लेवरच्या क्लासपाथवर जी मॉड्यूलं असतील तेवढीच सेटमध्ये येतील. ड्रायव्हर बनवणारा कोड कम्पाइलच्या वेळीच तयार होतो, त्यामुळे आर८ ला तो दिसतो आणि हा कीप नियम लागतच नाही. एखाद्या फ्लेवरमध्ये एकही ड्रायव्हर नसू शकेल तर रिकाम्या सेटसाठी मल्टिबाइंड्सचं डिक्लरेशन गाभ्यात ठेवा, नाहीतर बिल्ड तिथेच अडेल. ती लाल ओळ मात्र काढू नका. ड्रायव्हर आत जाऊन पुढे कशाने तरी अडकू शकतोच.

पहाटपाळी

लाल ओळ राहणारच. हिल्टचं काम काट्यांची मॉड्यूलं एकत्र झाल्यावर घेते, अडले तर नवीन धागा काढीन.