अनुभव धागा: गरीब घरच्या लेकरांना कोणती मदत खरंच कामी आली?

पऱ्हाटीचं फूल
काल माळ्यावरची पेटी काढली. लेकीच्या पुस्तकांना घालायला खाकी कागद शोधत होते. कागद नाही मिळाला, माझं नववीचं भूमितीचं पुस्तक हाताला लागलं. पहिल्या पानावर पेन्सिलीनं एकाखाली एक पाच नावं. चौथं माझं, १९९६-९७. पाचवं माझ्या धाकट्या बहिणीचं. तिथंच पेटीजवळ बसून राहिले कितीतरी वेळ.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे ओलित नाही, पावसाच्या भरवशावर एकच पीक. मी सातवीत असताना बाबा गेले. आई दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जायची, निंदायला जायची. नववीची पुस्तकं विकत घ्यायचा विषयच नव्हता. मी मनातल्या मनात शाळा सोडून मोकळी झाले होते.

आमच्या हेडसरांच्या घरच्या बाई. त्या शिक्षिका नव्हत्या. दरवर्षी परीक्षा संपल्या की कापडी पिशवी घेऊन घरोघर जायच्या आणि पास झालेल्या पोरांकडून पुस्तकं गोळा करायच्या. पानं शिवायच्या, कव्हरं घालायच्या. जूनमध्ये एक दिवस संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, आमच्या दारात आल्या आणि पूर्ण संच आईच्या हातात दिला. जाताना मला म्हणाल्या, "मे महिन्यात परत आणून दे हो, पुढच्या पोरीला लागतात. पेनानं खुणा करू नको." त्या एका वाक्यानं मला वाटलंच नाही की मला कुणी काही फुकट दिलंय. मी ती पुस्तकं वर्षभर अशी जपली की बस.

बहिणीनंतर हे पुस्तक परत गेलं नाही, तोवर सरांची बदली होऊन बाई गाव सोडून गेल्या होत्या. त्याचीच काल चुटपूट लागली.

आता आठवीपर्यंत सरकारी पुस्तकं मिळतात. नववीला पोरं एकदम उघडी पडतात. तर तुमच्या गावात, तुमच्यासाठी किंवा तुमच्या हातून, काय कामी आलं ते लिहा. लहानसंच लिहा, पण घडलेलं.

वर्धेकाठी
वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. सावकाश लिहिते, कुकर लावलाय.

पंक्चरवाला भाऊ
सरकारच्या मानव विकास योजनेतून आमच्या गावातल्या ८वी ते १२वीच्या पोरींना सायकली भेटल्या. लय चांगलं झालं. पण पोरी पायीच जाऊन रायल्या होत्या. इचारलं तर म्हणे पंचर हाय. गावात पंचरचं दुकान नाई, तालुक्याले सायकल न्याची कशी? चार चार महिने सायकली गोठ्यात पडून. मी पंप, सोल्यूशन, ठिगळं अन् दोन टायर लिव्हर आणले. रविवारी सकाळी पारावर बसतो. पोट्ट्या सायकली घेऊन येतात. पैसे घेत नाई. आता तर दोघी जणी सोताच पंचर काढतात, मले फक्त चेन बसवाले बोलावतात.

सातपुड्याची सावली
@पंक्चरवाला भाऊ, खूप मोठं काम आहे हे. सायकल देणारे दिसतात, चाकात हवा भरणारा कोणी नसतो.

वर्धेकाठी
भाऊ आमच्याकडे निळी बस येते मानव विकासची, पण ती फाट्यापर्यंतच. फाट्यापासून दोन किलोमीटर पोरी चालतात. पावसाळ्यात नाला. तुमच्यासारखा एखादा भाऊ इकडे पण हवा.

धारणीची ताई
मी अंगणवाडी सेविका आहे. दंडाची पट्टी असते आमच्याकडे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लेकरू लाल रंगात, म्हणजे तीव्र कुपोषित. मागच्या वर्षी असं एक बाळ होतं, १४ महिन्यांचं. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं ठरलं, तिथे १४ दिवस राहावं लागतं. आई काही केल्या तयार होईना. आम्ही सगळे समजावत होतो, बाळाचं वजन सांगत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, माझी दोन लेकरं आणि चार शेळ्या कोण बघेल? बुडालेली मजुरी मिळते सरकारकडून, पण ती नंतर, आणि शेळ्यांना आजच चारा लागतो ना. शेजारच्या म्हातारीनं दोन्ही पोरं ठेवून घेतली. तिच्या नातवानं शेळ्या नेल्या. बाई दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. बाळ आता अंगणात पळतं. आम्ही १४ महिन्यांच्या बाळाचा विचार करत होतो, तिला चार शेळ्यांसकट सगळ्या घराचा करावा लागत होता.
नंतर लिहिते, आहाराची वेळ झाली.

जुना मेळघाटी
धारणीच्या ताई, मी २००८ ते ११ तिकडे नोकरीला होतो. सिपना नदीला यंदा पाणी आहे का अजून? होळीला आमच्या ऑफिसचे सगळे कोरकू कर्मचारी गावाला जायचे, मला पण घेऊन जायचे. त्या होळीसारखी होळी नंतर कुठे पाहिली नाही.

धारणीची ताई
आहे थोडं दादा. तुम्ही या ना होळीला. बाहेर कामाला गेलेले सगळे परत येतात तेव्हा, लेकरांची वजनं पण तेव्हाच नीट घेता येतात. दिवाळीनंतर आईबापासोबत गेलेलं लेकरू तिकडून वाळून येतं.

गोंदेडा
मी उलटा अनुभव लिहितो. मी सहावीत असताना बाहेरून लोक आले, आम्हाला स्टेजवर रांगेत उभं केलं, बूट वाटले. नाव पुकारून, "यांचे वडील नाहीत" असं माईकवर सांगून. बूट दोन नंबर मोठे. पेपरात फोटो आला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात मला "बूटवाला" म्हणायचे. ते बूट मी कधी घातले नाहीत, आईनं विचारलं तर चावतात म्हणून सांगितलं. आज माझं बरं चाललंय. दरवर्षी १० पोरांना बूट घेऊन देतो, पण दुकानदाराकडे पैसे ठेवतो आणि मुख्याध्यापक पोराला एकटंच पाठवतात. पोरगं मापाचा बूट आपल्या पसंतीनं घेतं. त्याला माझं नाव माहीत नाही.

पऱ्हाटीचं फूल
@गोंदेडा दादा 🙏 बाई संध्याकाळीच का आल्या होत्या ते आज तुमच्यामुळे नीट कळलं.

झेडपी गुरुजी
दिवाळी ते संक्रांत आमचा पट नावालाच. कापूस फुटला की वेचणी किलोवर, जितके हात तितके पैसे. मोठी पोरगी घरी राहते कारण लहान भावाला कोण सांभाळणार. चौथीतल्या एका मुलीचं असंच झालं. हुशार पोर. घरी जाऊन आईला कायदा सांगितला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं आणि पोरगी घरीच राहिली असती. मी म्हटलं, भावाला घेऊन ये. दीड वर्षाचं पोरगं वर्गात, सतरंजीवर. कधी रडायचं, कधी फळ्याजवळ येऊन खडू खायचं. केंद्रप्रमुख आले तेव्हा जरा धाकधूक होती, पण त्यांनीच त्याला कडेवर घेतलं. पाचवीत तिला नवोदयच्या परीक्षेला बसवलं. निवड नाही झाली. पण शाळा सुटली नाही, यंदा ती आठवीत आहे आणि मी तिच्यामागे एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास घेऊन लागलोय. पास झाली तर नववी ते बारावी महिन्याला १००० रुपये. पऱ्हाटीताई म्हणतात ती नववीची खिंड त्यानं पार होते.

संत्रानगरी
गुरुजी एक विचारू का, तुमच्याकडे यंदा संत्र्याची गळ किती? आमच्याकडे आंबिया बहाराची निम्मी जमिनीवर.

झेडपी गुरुजी
आमच्याकडे कापूस-तूरच जास्त हो. वेगळा धागा काढा, बरेच बागायतदार आहेत इथे.

वैनगंगा
आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, खूप. माझ्या वर्गात एक मुलगा थंडी-पावसात हमखास गैरहजर. आला तरी पीटीच्या तासाला बसून राहायचा, हातपाय दुखतात म्हणायचा. मी त्याला दोनदा आळशी म्हटलं सगळ्यांसमोर. हे मला आयुष्यभर सलणार आहे. आरोग्य केंद्रात तपासणी झाली, एसएस निघाला, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजारच. आता सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू आहे. वर्गात काय केलं? बाटली बाकावर ठेवायची, तास चालू असताना पाणी प्यायची मुभा. पळायला लावायचं नाही. थंडीत शाळेचं स्वेटर नसेल तर घरचं कोणतंही चालेल. बस. या वर्षी त्याची हजेरी बऱ्याच जणांपेक्षा चांगली आहे. शिक्षकांनो, सारखं अंग दुखतं म्हणणाऱ्या लेकराची आधी रक्ततपासणी करा.

सातपुड्याची सावली
सर, तुम्ही ते कबूल केलंत. पुष्कळ जण करत नाहीत. मनाला लावून घेऊ नका.

पुणेकर वऱ्हाडी
मी मूळचा बाळापूरचा, आता पुण्यात. पैसे द्यायची इच्छा आहे, वेळ नाही. कुणाला पाठवू?

सेतूवाला
दादा, आधी मी काय बघतो रोज ते सांगतो. माझं सेतू केंद्र आहे यवतमाळकडे. नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या, आजारानं नवरा गेलेल्या बाया येतात, उत्पन्नाच्या दाखल्याला. मी विचारतो, सरकारच्या बालसंगोपन योजनेचे पैसे घेता का? दहातल्या आठ जणींना नावच माहीत नाही. एक पालक नसलेल्या लेकराला महिन्याला २२५० रुपये मिळतात, १८ वर्षांपर्यंत. दोन लेकरं असली तर घर चालतं हो. अडतं कुठं? आधारवर "वर्षा", शाळेत "वर्षाराणी". मृत्यूचा दाखला काढलेलाच नाही. बँकेचं खातं केवायसी नाही म्हणून बंद. मग जिल्ह्याला महिला व बालविकास कार्यालयात जायचं, बालकल्याण समितीपुढे लेकराला घेऊन उभं राहायचं. एका चकरेत एक दिवसाची मजुरी गेली. २०२३ पासून बायांना एसटी अर्ध्या तिकिटात आहे, तरी चहापाणी, झेरॉक्स धरून चारशे-पाचशे जातातच. तीन चकरा झाल्या की बाई सोडून देते.
म्हणून मी म्हणतो, पैसे द्यायचे तर अशा एका बाईच्या तीन चकरांचे द्या. आणि गावातला एखादा शिकलेला पोरगा तिच्यासोबत पाठवा. साहेबासमोर तिला बोलता येत नाही, त्याला येतं.

पुणेकर वऱ्हाडी
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी वह्या-दप्तरांचाच विचार करत होतो. गावात चुलतभाऊ आहे, बीए झालाय, सध्या घरीच असतो. आजच फोन करतो त्याला.

वर्धेकाठी
कुकर झाला 🙂 माझं थोडक्यात. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. संध्याकाळी लाईट गेली की शेजारची पोरं ओसरीवर येऊन बसायची. सासूबाईंनी तिथं कायमची सतरंजी टाकली आणि सात ते नऊ टीव्ही बंद केला. सुरुवातीला सगळ्यांनी कुरकुर केली, मी पण. आता आठ-नऊ पोरं असतात. सासूबाईंना वाचता येत नाही, पण कोण नुसतं बोटानं ओळ धरून बसलंय आणि कोण खरं वाचतंय ते त्यांना बरोबर कळतं. शेंगदाणे-गूळ वाटीभर असतोच.

पंक्चरवाला भाऊ
गाडगेबाबाच्या दशसूत्रीत हेच तर हाय, गरीब पोरापोरीयले शिक्षणाले मदत. तुमच्या सासूबाईले माहा नमस्कार सांगजा.

पऱ्हाटीचं फूल
सगळ्यांचं वाचतेय, रात्री पुन्हा वाचीन. मी पण पुस्तकांची पिशवी सुरू करायची म्हणतेय. एक अडचण, २०१७ ला नववीचं आणि १८ ला दहावीचं पुस्तक बदललं तेव्हा आमच्या शाळेतली पुस्तकपेढी मोडली ती मोडलीच. पुन्हा बदललं तर?

झेडपी गुरुजी
बदलेपर्यंत तर चालेल. शब्दकोश, कंपास, प्रयोगवह्यांची कोरी पानं हे कधी बदलत नाही. निकालाच्या आधीच गोळा करा ताई, निकालानंतर रद्दीवाला येतो.

कोरडवाहू
सेतूवाले दादा, मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझे मिस्टर जाऊन दीड वर्ष झालं, मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. ते बालसंगोपनचं मला पण लागू होईल का? शिलाई करते मी.

सेतूवाला
हो ताई, दोघांनाही. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तुमचं आणि लेकरांचं आधार, रेशनकार्ड, दोघांचं शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक एवढं एका पिशवीत घाला. लेकरांच्या नावाचं स्पेलिंग आधार आणि शाळेत एकच आहे का ते आजच बघा. वेगळं असेल तर आधी तेच दुरुस्त करून घ्या, बाकीचं नंतर. तुमचा तालुका कोणता? मला निरोपात कळवा, त्या बाजूला एक ओळखीचा पोरगा आहे, तो सोबत येईल.

कोरडवाहू
बघितलं. मुलाचं वेगळं आहे, एक काना जास्त. उद्या शाळेत जाते.